झाडाखालचें मीठ

अंगणांतील झाड तोडलें म्हणजे सावली जाते, पांखरें जातात, आणि पहिल्या जोरदार पावसांत अंगणाची माती वाहून जाते, हें कोणालाहि समजतें. डोंगरावरील झाडें तोडलीं म्हणजे खालचे ओढे आटतात, हें तर शाळेंतल्या मुलांच्या पुस्तकांतहि आलेलें आहे. परंतु झाडें तोडलीं म्हणून एखाद्या तळ्याचें गोड पाणी खारट झालें, आणि तें तळेंहि समुद्रापासून दूर आंतल्या प्रदेशांत, असें कोणीं सांगितलें, तर ऐकणारा क्षणभर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहात राहील. मीठ समुद्रांत आणि झाड रानांत. या दोहोंचा संबंध काय, असेंच तो विचारील. हा संबंध कसा आहे, तो कोणीं ओळखला, आणि ओळखल्यावरहि लोकांनीं त्याकडे किती वर्षें पाठ फिरविली, ही हकीकत ऑस्ट्रेलिया खंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतली आहे. हकीकत दूर देशची असली, तरी तिच्यांतून निघणारा बोध आपल्या उंबरठ्याजवळचा आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचा हा भाग पर्थ शहराच्या पूर्वेस व दक्षिणेस पसरलेला आहे. तेथील ऋतुमान आपल्याकडील ऋतुमानाच्या उलट. मे ते ऑक्टोबर हे तेथील थंडीचे व पावसाचे महिने; नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा उन्हाळा बहुतेक कोरडा जातो. किनाऱ्याला समांतर अशी डार्लिंग नांवाची टेकड्यांची रांग आहे. तिच्यावर पाऊस चांगला पडतो, कांहीं ठिकाणीं वर्षाला हजार मिलिमीटरांहूनहि अधिक. परंतु पूर्वेकडे जसजसें आंत जावें, तसतसा तो कमी होत होत तीनशें मिलिमीटरांच्या घरांत येतो. ही भूमि पृथ्वीवरील अत्यंत पुरातन भूमींपैकीं एक. तिचे डोंगर झिजून गेलेले, दऱ्या गाळानें भरून रुंद व उथळ झालेल्या. आंतल्या भागांतील नद्यांना उतार इतका थोडा, कीं पुष्कळ वर्षीं त्यांचें पाणी समुद्रापर्यंत पोहोंचतच नाहीं. वाटेंतील तळ्यांच्या माळेंत तें अडून राहतें आणि तेथेंच उन्हानें सुकून जातें.

या प्रदेशावर येणारा पाऊस समुद्रावरून येतो, आणि येतांना लाटांच्या तुषारांतील मिठाचे अतिसूक्ष्म कण बरोबर घेऊन येतो. किनाऱ्याजवळ हेक्टरामागें वर्षाला शंभर-दोनशें किलो, आणि दूर आंतल्या भागांत वीसपंचवीस किलो मीठ अशा रीतीनें जमिनीवर पडतें. वीस किलो मीठ म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नव्हे. एखाद्या मोठ्या कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढें. परंतु निसर्गाची वही एका वर्षाची नसते. हजारों वर्षें हें मीठ पडत राहिलें. जेथें पाऊस भरपूर व उतार चांगला, तेथें तें धुऊन पुन्हा समुद्रास मिळालें. जेथें पाऊस थोडा व जमीन सपाट, तेथें तें पावसाच्या पाण्याबरोबर थोडें खोल गेलें आणि तेथील चिकणमातींत सांचून राहिलें. अशा ठिकाणीं एका हेक्टराखालीं शेंकडों टन, आणि कांहीं जागीं त्याहूनहि पुष्कळ अधिक मीठ सांठलेलें आढळतें.

मग एवढ्या मिठावर अरण्य उभें कसें राहिलें? याचें उत्तर झाडांच्या मुळांत आहे. तेथील मुख्य वृक्ष नीलगिरीच्या कुळांतले. आपल्याकडे निलगिरी पर्वतावर आणि पुढें इतरत्र जीं नीलगिरीचीं झाडें लावलीं गेलीं, त्यांचेच हे भाऊबंद. टेकड्यांवरचा प्रमुख वृक्ष जॅरा. त्याचें लांकूड तांबूस, जड आणि वाळवीस सहजासहजी दाद न देणारें. या वृक्षाचीं मुळें वरच्या कठीण थरांतील भेगांतून वाट काढीत चाळीस मीटरपर्यंत खोल गेलेलीं पाहण्यांत आलीं आहेत. हीं झाडें बारमहा हिरवीं असतात. थंडीच्या दिवसांत पडलेला पाऊस जमीन जपून ठेवते, आणि उन्हाळ्याचे सहा महिने झाडें तोच पुरवून पुरवून पितात. वर्षाअखेर जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी होते. खोल तळाकडे जावयास पाणी असें फारसें उरतच नाहीं. त्यामुळें जमिनीखालील पाण्याची पातळी खोल राहते, आणि वरची माती व खालचें पाणी यांच्यामधील मीठ आपल्या जागीं स्वस्थ पडून असतें. अरण्यानें मीठ नाहींसें केलें नव्हतें. त्यानें तें दाबून धरलें होतें.

या भूमीवर नूंगार लोक चाळीस हजारांहून अधिक वर्षें राहात आले आहेत. त्यांच्या वस्तीनें हा जमाखर्च बिघडला नाहीं. १८२९ सालीं इंग्रजांनीं तेथें वसाहत स्थापिली, आणि लवकरच जॅराच्या लांकडाची कीर्ति बाहेर पसरली. बंदरांतील धक्के, जहाजें, तारायंत्राचे खांब यांसाठीं त्याला मागणी आली. लंडनच्या रस्त्यांवर या लांकडाचे ठोकळे फरशीसारखे बसविले गेले. हिंदुस्थानांतील रेल्वेच्या रुळांखालीं घालण्यासाठीं जॅराचे स्लीपर जहाजें भरभरून इकडे आले. टेकड्यांवर लांकूडतोड चालू असतां पूर्वेकडील विरळ रानांत दुसरेंच काम सुरू झालें. तेथें गहूं पिकवावयाचा होता, आणि त्यासाठीं झाड नको होतें. सरकारनें जमीन दिली ती अटीवर दिली. इतक्या वर्षांत इतकें रान साफ केलेंच पाहिजे, नाहींतर जमीन परत जाईल. जो शेतकरी झाडें राखील तो आळशी, आणि जो तीं मुळासकट काढील तो उद्योगी, असा हिशेब झाला. १९६० नंतरच्या दशकांत तर वर्षाला दहा लाख एकर रान मोकळें करावयाचें, हें सरकारचें उघड घोषवाक्यच होतें. अशा रीतीनें गव्हाच्या पट्ट्यांत सुमारें एक कोटी ऐशीं लाख हेक्टर भूमीवरील रान गेलें.

रान गेलें आणि त्या जागीं गहूं आला. गव्हाचीं मुळें ती कितीशीं खोल! शिवाय पीक उभें राहतें तें वर्षांतील पांचसहा महिने; कापणी झाली कीं शेत उघडें. पूर्वीं बारमहा पाणी पिणाऱ्या झाडांच्या ठिकाणीं आतां अर्धें वर्ष पाणी पिणारें गवत उभें राहिलें. न वापरलेलें पाणी खालीं झिरपूं लागलें. त्याचें प्रमाण दिसावयास अल्प. पडलेल्या पावसाच्या शंभर भागांत पांचदहा भाग. परंतु अरण्य असतांना तें याच्या दशांशहि नसे. खालच्या पाण्याची पातळी वर्षाला कोठें दहावीस सेंटिमीटर, कोठें त्याहून अधिक, अशी वर चढूं लागली, आणि चढतांना वाटेंतील मीठ आपल्यांत विरघळवूं लागली. ती पृष्ठभागापासून दोन मीटरांच्या आसपास आली, कीं पुढचें काम ऊन करतें. निरांजनांतील तूप जसें वातींतून आपोआप वर चढतें, तसें हें खारें पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतें; पाण्याची वाफ होते आणि मीठ मागें राहतें. प्रथम शेताच्या सखल कोपऱ्यांत गहूं पिवळा पडतो. मग तेथें कांहीं उगवत नाहीं. पुढें उन्हाळ्यांत जमिनीवर पांढरी साय धरते. पश्चिम ऑस्ट्रेलियांत अशी बिघडलेली जमीन सुमारें दहा लाख हेक्टर भरते.

हा प्रकार प्रथम ज्यांच्या ध्यानांत आला, ते शेतकरीहि नव्हते आणि वनस्पतिशास्त्रज्ञहि नव्हते. ते होते रेल्वेचे लोक. वाफेच्या इंजिनाला गोड पाणी लागतें. खारें पाणी बॉयलरमध्यें घातलें तर तें फेसाळतें आणि पत्र्याची नासाडी होते. म्हणून रेल्वेनें मार्गावर ठिकठिकाणीं लहान बंधारे बांधून पाणी सांठविलें होतें. अधिक पाणी मिळावें म्हणून बंधाऱ्यावरील रान तोडावें, तों कांहीं वर्षांनीं पाणी अधिक यावें पण खारट यावें, असा अनुभव येऊं लागला.

असाच एक मोठा अनुभव मुंडेरिंग येथें आला. पर्थजवळ हेलेना नदीवर बांधलेल्या या धरणांतून पांचशें किलोमीटरांहून दूर असलेल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींना नळानें पाणी नेण्याची योजना सी. वाय. ओकॉनर या अभियंत्यानें आंखली होती. १९०३ च्या जानेवारींत ती सुरू झाली, परंतु ती पाहावयास ओकॉनर जिवंत नव्हता. धरणांत पाणी हवें तितकें येईना, म्हणून पाणलोटांतील हजारों एकरांवरील झाडांच्या बुंध्याभोंवतींची साल कड्यासारखी काढून तीं झाडें उभ्यानें मारण्यांत आलीं. झाडें पाणी पितात, तीं मेलीं म्हणजे तेंच पाणी धरणांत येईल, हा तर्क चुकीचा नव्हता; तो अपुरा होता. पाणी वाढलें खरें, पण त्याबरोबर पाण्यांतील मीठहि वाढलें. तेव्हां ती मोहीम थांबवून तेथें पुन्हा रान वाढूं देणें भाग पडलें.

या सर्व अनुभवांची नीट जुळणी करून त्यांतून कार्यकारणभाव सांगणारा मनुष्य म्हणजे डब्ल्यू. ई. वुड हा रेल्वेंतील अभियंता. १९२४ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. मीठ समुद्रावरून पावसाबरोबर येतें, तें मातींत सांठतें, झाडें पाण्याची पातळी खालीं ठेवतात, आणि झाडें काढलीं कीं पाणी व मीठ दोन्हीं वर येतात, अशी सरळ मांडणी त्यानें केली. पुढें शास्त्रज्ञांनीं कितीहि मोजमापें घेतलीं तरी या मांडणीचा गाभा बदलला नाहीं. परंतु निबंध छापला गेला, म्हणून तो वाचला गेला असें होत नाहीं, आणि वाचला गेला म्हणून तो मानला गेला असेंहि होत नाहीं. त्यापूर्वीं सात वर्षें, म्हणजे १९१७ सालीं, एस्परन्सकडील नव्या जमिनींत मीठ फार आहे असें रसायनशास्त्रज्ञ बजावीत असतांहि, तेथील प्रश्नासाठीं नेमलेल्या रॉयल कमिशननें तो इशारा बाजूस सारून वसाहतीस अनुकूल मत दिलें होतें. वुडचा निबंध निघाल्यानंतरहि पन्नास वर्षें रान तुटतच राहिलें. ज्यांच्या शेतांत मीठ फुटलें, ते त्या कोपऱ्यांत चर खणीत, माती उलथीत, मीठ सोसणारें गवत पेरून पाहात. आणि वरच्या टेकाडावर उरलेलें रान त्याच वर्षीं कापीत. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात, तो हा प्रकार.

लोक इतके अविचारी कसे, असें यावर कोणी म्हणेल. परंतु या व्याधीचा एक गुण असा आहे, कीं ती लगेच दिसत नाहीं. कॉली नदीच्या खोऱ्यांत शास्त्रज्ञांनीं लहान लहान पाणलोट निवडून याची परीक्षा पाहिली. कांहीं पाणलोटांतील रान तसेंच ठेवलें, कांहींतील १९७६-७७ च्या उन्हाळ्यांत तोडलें, आणि मग दोहोंच्या ओढ्यांतील पाणी वर्षानुवर्षें मोजलें. जेथें पाऊस अधिक होता तेथें परिणाम लवकर दिसला. जेथें पाऊस कमी होता, अशा लेमन नांवाच्या पाणलोटांत पहिलीं कित्येक वर्षें ओढ्याचें पाणी जवळ जवळ पूर्वीसारखेंच गोड राहिलें. एखाद्या शेतकऱ्यानें तें चाखून, शास्त्रज्ञ उगीच भिववितात, असें खुशाल म्हटलें असतें. परंतु जमिनीखालीं पाण्याची पातळी न थांबता चढत होती. सुमारें दहा वर्षांनीं ती ओढ्याच्या तळाला येऊन भिडली, आणि त्यानंतर थोड्याच अवधींत ओढ्याचें पाणी खारें झालें. कोरड्या विस्तीर्ण दऱ्यांत हाच काळ तीस, चाळीस, किंवा त्याहून अधिक वर्षांचा असतो. झाड तोडणारा बाप आणि मीठ पाहणारा मुलगा, इतकें अंतर मध्यें पडतें. कारण आणि कार्य यांच्यामध्यें एवढा काळ गेला, म्हणजे कारणाचें विस्मरण होतें आणि कार्याला दैव हें नांव मिळतें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लांकडासाठीं झाडें तोडणें आणि शेतासाठीं रान मुळासकट काढून टाकणें, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. १९७० नंतरच्या दशकांत दक्षिणेकडील अरण्यांत कागदासाठीं लांकडाच्या ढलप्या करून परदेशीं पाठविण्याचा मोठा उद्योग निघाला, तेव्हां आतां सर्व नद्या खाऱ्या होणार अशी भीति उत्पन्न झाली. तेथेंहि मोजमापें झालीं. तोडलेल्या जागीं पुन्हा रान वाढूं दिलें, तर खालचें पाणी कांहीं वर्षें चढतें, नद्यांत थोडें मीठ वाढतें, आणि नवीं झाडें जोर धरूं लागलीं कीं पातळी पुन्हा खालीं बसते, असें दिसून आलें. तेव्हां लांकूडतोडीला शेतीच्या पापाचा सगळाच वांटा देणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु लांकूडतोड निर्दोष ठरली असेंहि नव्हे. जुने, पोकळीचे वृक्ष गेले म्हणजे त्यांच्या ढोलींत घरटीं करणारे काकाकुवे व लहान प्राणी बेघर होतात, आणि तशा ढोली नव्या झाडाला पडावयास शंभराहून अधिक वर्षें लागतात. त्याहून वाईट असें, कीं वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर फायटॉप्थोरा नांवाचा बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव अरण्यभर पसरला. तो मुळें कुजवितो. जॅराचीं झाडें उभ्या उभ्या वाळूं लागल्याचें विसाव्या शतकाच्या पहिल्या पांवशतकांतच दिसत होतें; त्याचें खरें कारण हा जीव आहे, हें कळावयास १९६० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. कुऱ्हाडीनें तोडलेलें रान पुन्हा वाढतें. या रोगानें मारलेलें रान तसें वाढत नाहीं. आणि झाड कुऱ्हाडीनें मरो वा रोगानें, खालच्या पाण्याला दोन्हीं सारखेंच.

वरच्या रानाचें दुखणें शेवटीं उतरतें तें खालच्या तळ्यांत. पर्थच्या आग्नेयेस सुमारें दोनशें किलोमीटरांवर टूलिबिन नांवाचें सरोवर आहे. सरोवर म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें जो निळा विस्तार येतो, तो मात्र येथें नाहीं. तें कित्येक वर्षें कोरडें असतें आणि चांगला पाऊस झाला कीं भरतें. त्याच्या तळावरच झाडें उगवलेलीं आहेत. त्यांत एक जात कॅश्युअरिनाची. कोंकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याला अडविण्यासाठीं जो सुरू लावतात, त्याचीच ही जवळची बहीण. तळें भरलें म्हणजे हीं झाडें गुडघाभर पाण्यांत उभीं राहतात, आणि त्यांच्या फांद्यांवर बगळे, पाणकावळे व बदकें घरटीं घालतात. पाणपक्ष्यांच्या चाळीसच्या आसपास जाती येथें नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांपैकीं वीसांहून अधिक जातींची वीण येथें झालेली आहे. ठिपकेदार बदकासारखा दुर्मिळ पक्षीहि येथें पिलें वाढवितो. एके काळीं अशीं झाडांनीं भरलेलीं गोडीं तळीं गव्हाच्या पट्ट्यांत पुष्कळ होतीं. आज टूलिबिन हें त्यांतील जवळ जवळ शेवटचें समजलें जातें. १९९० सालीं रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत त्याचा समावेश झाला.

अशा तळ्यांत मीठ शिरलें म्हणजे काय होतें, तें क्रमानें पाहण्यासारखें आहे. खारें भूमिजल खालून वर येतें, आणि रान गेल्यामुळें वरून येणारें पाणीहि पूर्वींहून अधिक व अधिक काळ राहणारें असतें. मुळें एकाच वेळीं गुदमरतात आणि खारावतात. एक संकट झाडानें कदाचित् सोसलें असतें, दोन एकदम सोसवत नाहींत. प्रथम रोपें मरतात. मोठीं झाडें उभीं असल्यामुळें पाहणाऱ्यास सर्व ठीक वाटतें. पण तीं म्हातारीं माणसें उरलेल्या आणि पाळणा न हलणाऱ्या गांवासारखीं असतात. मग पाण्यांतील मऊ वनस्पति जातात, बेडूक जातात, पाण्यांतले किडे व शिंपल्यांच्या जाती कमी होतात. शेवटीं झाडेंहि मरतात, आणि घरट्यांची जागा जाते. तळ्याला पाणी असतें, तें पूर्वींपेक्षां स्वच्छ व नितळ दिसतें, वर कांहीं पक्षीहि दिसतात. परंतु ते उघड्या खाऱ्या पाण्यावर जगणारे मोजके पक्षी असतात. फांदीवर घरटें करणारा पक्षी त्यांत नसतो.

याचा अर्थ मीठ म्हणजे मृत्यूच, असा मात्र घेऊं नये. त्याच प्रदेशांत मूळचींच खारीं असलेलीं तळीं आहेत. त्यांत मिठाच्या पाण्यांतच वाढणाऱ्या झिंग्यासारख्या प्राण्यांच्या जाती आहेत, कांठावर मीठ सोसणारीं झुडपें आहेत. हजारों वर्षांत मीठ हळूहळू वाढलें आणि जीव हळूहळू त्याला सरावले. अशीं तळीं आपल्या परीनें भरलेलीं व सुखी असतात. नुकसान होतें तें मीठ आहे म्हणून नव्हे. तें चाळीस-पन्नास वर्षांत, जेथें नव्हतें तेथें आलें म्हणून. दऱ्यांच्या तळाशींच वाढणाऱ्या आणि इतरत्र कोठेंहि नसणाऱ्या सुमारें साडेचारशें वनस्पति या कारणानें नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

टूलिबिन वांचविण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत मोठी खटपट सुरू झाली. पावसाळ्याच्या आरंभीं ओढ्यास येणारें खारें पाणी तळ्यांत न शिरतां बाजूनें निघून जावें म्हणून दरवाजे बसवून एक पाट काढला. पूर येऊन पाणी गोडें झालें म्हणजेच तें तळ्यांत घ्यावयाचें. तळ्याच्या पोटांत विहिरी पाडून पंपांनीं खारें भूमिजल उपसण्यास आरंभ केला. वरच्या शेतांत झाडें लावलीं. उपसलेलें मीठ कोठें नेऊन टाकावयाचें, हा प्रश्न होताच. तें खालच्या अंगाच्या टारब्लिन तळ्यांत सोडण्यांत आलें, कारण तें आधींच मेलेलें होतें. एका तळ्याला जगविण्यासाठीं दुसऱ्या तळ्याचें स्मशान करावें लागावें, यावरून दुखणें किती पुढें गेलें होतें हें कळतें. या खटपटीला कांहीं यश आलें. तळ्याच्या तळावर नवीं रोपें पुन्हा दिसूं लागलीं. परंतु पूर्वीं जें काम झाडें फुकट करीत, तें आतां यंत्रानें, पैसे खर्चून, अखंड करावें लागतें; पंप थांबले तर मीठ परत येतें.

नद्यांचे दोन अनुभव सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. कॉली नदीवर १९३३ सालीं वेलिंग्टन धरण बांधलें. वरच्या खोऱ्यांतील रान तुटत गेलें आणि धरणाचें पाणी हळूहळू खारावलें. १९७६ सालीं सरकारनें कायदा करून त्या खोऱ्यांत रान तोडण्यास बंदी घातली, पण पाणी पिण्याच्या कामीं उपयोगी राहिलें नाहीं. शेवटीं गांवांना पाणी पुरविण्यासाठीं १९९० च्या सुमारास जवळच्याच हॅरिस नदीवर दुसरें धरण बांधावें लागलें. हॅरिसचें पाणी गोड कां, तर तिच्या खोऱ्यांतील रान शिल्लक होतें म्हणून. दुसरी नदी दक्षिण किनाऱ्यावरची डेन्मार्क. तिचें पाणीहि बिघडलें होतें. परंतु तिच्या खोऱ्यांत रान पुष्कळ शिल्लक होतें, पुढील तोड कायद्यानें थांबली, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर मोठ्या प्रमाणावर झाडें लावण्यांत आलीं. तीन दशकांच्या आंत तिचें पाणी पुन्हा गोडीकडे वळलें. वेळीं हात आवरला तर निसर्ग क्षमा करतो, आणि वेळ टळल्यावर करीत नाहीं, असा या दोन नद्यांचा दाखला आहे.

अलीकडे या कथेला आणखी एक वळण मिळालें आहे. १९७० नंतर त्या प्रदेशांतील थंडीच्या दिवसांतला पाऊस बराच घटला. त्यामुळें कित्येक ठिकाणीं भूमिजलाची चढण मंदावली, आणि टेकड्यांवरील अरण्यांत तर पातळी उलट खालीं गेली. पूर्वीं बारमहा वाहणारे ओढे आटूं लागले. मीठ कमी झालें म्हणून आनंद मानावा, तर पाणीच गेलें. अशा तहानलेल्या अरण्यावर आणखी कुऱ्हाड नको, असें शेवटीं सरकारास वाटलें, आणि २०२४ च्या आरंभापासून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैसर्गिक अरण्यांतील व्यापारी लांकूडतोड बंद झाली.

हें सर्व दूरचें आहे, असें महाराष्ट्रांतील वाचकानें समजूं नये. आपल्याकडे झाडें तोडून नव्हे, तर कालव्याचें पाणी बेसुमार देऊन हाच प्रकार झालेला आहे. नीरेचा कालवा आला, ऊंस आला, आणि कांहीं वर्षांत बारामतीच्या बाजूच्या काळ्या जमिनी चिबड होऊन त्यांवर मीठ फुटूं लागलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन आणि ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील या खारवट जमिनींची पाहणी करून १९१० सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथें पाणी वरून अधिक ओतलें गेलें. ऑस्ट्रेलियांत पाणी पिणारा काढून टाकला गेला. दोन्हींकडे जमाखर्च बिघडला तो एकाच रीतीनें, आणि दोन्हींकडे मीठ वर आलें तें एकाच नियमानें. कृष्णाकांठच्या ऊंसाच्या प्रदेशांत क्षारपड हा शब्द आज शेतकऱ्याच्या घरांतला झाला आहे.

रान, शेत आणि तळें यांना नकाशावर वेगवेगळे रंग देतां येतात, त्यांचीं खातीं निरनिराळ्या कचेऱ्यांकडे सोपवितां येतात. परंतु जमिनीखालचें पाणी त्या रेघा मानीत नाहीं. टेकाडावरच्या मालकाला गव्हाचे पैसे मिळतात, आणि सखल भागांतील मालकाच्या शेतांत मीठ फुटतें. आजच्या पिढीला लांकूड मिळतें, आणि पुढच्या पिढीला कोरडा पाट. तोडणाऱ्याला त्याच वर्षीं शिक्षा झाली असती तर कायद्याची गरजच पडली नसती. ती होत नाहीं, म्हणूनच वुडसारख्या माणसाचें बोलणें वेळेवर ऐकण्याची गरज असते. एखाद्या खोऱ्यांतील रान काढावयाचें ठरलें, तर त्याच्या लांकडाची किंमत आणि येणाऱ्या पिकाची किंमत मांडतांना, तें झाड रोज किती पाणी पीत होतें आणि त्याच्या खालीं काय दडलें आहे, ही रक्कमहि त्याच कागदावर आधीं मांडली गेली पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियानें ती मांडली, पण शंभर वर्षांनीं. आणि तोंपर्यंत बहुतेक तळीं खारीं झालीं होतीं.